दरड कोसळण्याआधीचा पैसा

पावसाळ्यात छत्तीसगडमधल्या भिलाईत हिंदी पेपर उघडला की आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास दिसते. कुणी तलावात बुडून गेलं, कुणाला साप चावला, कुणावर वीज पडली आणि दुर्गच्या कलेक्टरांनी वारसाला ४ लाख रुपये मंजूर केले. बातमीत 'आरबीसी ६-४' असं लिहिलेलं असतं. तो राजस्व पुस्तक परिपत्रातला भाग आहे आणि इथल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना तो तोंडपाठ असतो. पटवाऱ्याचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचं पासबुक जोडलं की फाइल तहसीलमधून वर सरकते.

माणूस गेल्यावर पैसा कुठून येतो, हे असं ठरलेलं आहे. पण डोंगरउतारावरची आदिवासी वाडी दरड येण्याआधीच उठवून खाली वसवायची म्हटलं, तर पैसा कुठून येईल?

आधी तिजोरी बघू. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. छत्तीसगड किंवा महाराष्ट्रात त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडून दिले. शंभर रुपयांतले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला, १० तयारीला आणि उरलेले २० धोका कमी करायला. हे शेवटचे २० रुपये स्वतंत्र निधीत जातात. त्याच आयोगाने नदी आणि समुद्राच्या धुपीने घर गेलेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी वेगळे सुचवले होते. दरडीखालच्या वाड्या त्यात बसत नव्हत्या.

आता इरसालवाडी. महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इरसालगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर खाली आला. वर जायला रस्ता नव्हता, जेसीबी चढू शकत नव्हता. जवान पायी वर गेले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिले. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं.

राज्याने मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर केले. वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि चौकजवळ कायमची वसाहत बांधायचं काम सिडकोकडे दिलं. सरकारने मनावर घेतलं की पैसा उभा राहतो, हे इथे दिसलं. पण त्यासाठी आधी डोंगर कोसळावा लागला.

दुर्घटनेआधी स्थलांतर करायचं तर एकच खातं पुरत नाही, वेगवेगळ्या योजनांचे तुकडे जोडावे लागतात. दरडीत पूर्ण पडलेल्या डोंगराळ भागातल्या घराला आपत्ती निधीतून १ लाख ३० हजार मिळतात, पण भिंत अजून उभी असेल तर ते मिळत नाहीत. मग घरकुल योजनांकडे वळायचं. २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमनमध्ये घरामागे २ लाख ३९ हजार आहेत, पण ते विशेष दुर्बल आदिम जमातींनाच. खालापुरातल्या कातकऱ्याला त्याचा लाभ मिळतो, शेजारच्या ठाकराला नाही. उतार तोच आणि पाऊसही तोच, तरी जातीच्या दाखल्यावर रक्कम बदलते. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

तरी खरी गाठ जमिनीची आहे. वाडीभोवती बहुतेक वनजमीन असते. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन सार्वजनिक सोयींसाठी देऊ देतं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी हे सगळं त्या यादीत आहे. घर मात्र नाही! घरांसाठी १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. म्हणून प्रशासन पायथ्याची महसुली जमीन शोधतं. लोकांचं नाचणीचं शेत मात्र वरच राहतं आणि घर मिळालेला माणूस रोज पुन्हा डोंगर चढतो. ही चढण कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

जागा नीट न पारखण्याची किंमत माळीणमध्ये दिसली. पुणे जिल्ह्यातलं हे महादेव कोळ्यांचं गाव ३० जुलै २०१४ला गाडलं गेलं. सकाळी फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली. आमडे इथे ६७ घरांचं नवं गाव उभं राहिलं, एप्रिल २०१७मध्ये लोक राहायला आले. त्याच जूनच्या पहिल्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते खचले आणि माणसं पुन्हा घाबरली. घराच्या पैशाइतकाच माती तपासण्याचा, गटारांचा आणि संरक्षक भिंतींचा पैसा मोजून ठेवायला हवा, तोही आधी.

म्हणून वाडीच्या वरच्या अंगाला भेग दिसली, झाडं तिरकी झाली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ आलं, तर ग्रामसभेने ठराव करावा. त्यात तारीख, भेगेची लांबी आणि घरांची संख्या लिहावी, भूवैज्ञानिकांकडून पाहणी मागावी. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला, एक आदिवासी प्रकल्प कार्यालयाला द्यावी आणि प्रत्येक प्रतीची पोच शिक्क्यासह घ्यावी. ती पोच सरपंचाच्या कपाटात नको. वाडीतल्या एखाद्या घरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी ठेवावी.