येस म्हणायचं, पण कुठल्या ‘हो’ला?

बेटेगाव हे बोईसरच्या कुशीतलं, मूळचं भातशेतीचं गाव. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली आणि या पट्ट्यात देशभरची माणसं नोकरीला आली. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तशी मुंबईकडची बिऱ्हाडंही इकडे सरकली. आता समोरच्या दारात गुजराती, वरच्या मजल्यावर मल्याळी, आणि पोरं इंग्रजी शाळेत! मग शाळेच्या मीटिंगला, दवाखान्यात, बँकेत इंग्रजीशी गाठ पडतेच. तिथे आपल्यापैकी पुष्कळजणी एकाच शब्दावर वेळ मारून नेतात. तो शब्द म्हणजे ‘येस’.

गंमत अशी, की घरात आपण असं करीत नाही. “आज वीज जाणार आहे का?” याला आपण ‘हो’ म्हणतो. “संध्याकाळी सात वाजता येऊ?” याला म्हणतो ‘चालेल’. “मुलांना फार रागवू नये,” असं जाऊबाई म्हणाल्या तर ‘पटलं बाई’. आणि सासूबाई लांबलचक हकिगत सांगत असल्या की नुसतं ‘हं... हं...’. माहिती खरी असणं, गोष्ट करायला तयार असणं, मत पटणं आणि नुसतं ऐकणं, या चार निराळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीतही त्या निराळ्याच आहेत. म्हणून आधी मनाशी मराठी शब्द ठरवावा, म्हणजे इंग्रजी आपोआप नीट निघतं.

‘हो’ असेल तिथे ‘येस’ किंवा ‘दॅट्स राइट’. ‘चालेल’ला ‘ऑल राइट’, ‘शुअर’ नाही तर ‘ओके’. (हे ओके १८३९ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात प्रथम छापून आलं, तेही ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून! थट्टेतला शब्द जगभर झाला.) ‘पटलं’ला ‘आय अ‍ॅग्री’. इथे ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ असं म्हणू नये. पटणं हे क्रियापद, त्याला ‘अ‍ॅम’ची जोड नको. अगदी मनातलं बोललात असं सांगायचं तर ‘एक्झॅक्टली!’. निम्मंच पटलं असेल तर ‘यू आर राइट, बट...’ म्हणून पुढे आपलं म्हणणं मांडावं. त्यात उद्धटपणा काही नाही.

‘ऑफ कोर्स’ मात्र जपून. शेजारीण दारातून “आत येऊ का?” असं विचारते तेव्हा ‘ऑफ कोर्स’ म्हणजे ‘या ना, विचारायचं काय त्यात!’ पण बाईंनी “ही तुमचीच मुलगी का?” असं विचारल्यावर तोच शब्द म्हटला, तर तो ‘दिसत नाही का?’ असा खेकसल्यासारखा लागतो.

खरी अडचण नकारार्थी प्रश्नांची. “साखर नको ना?” या प्रश्नाला आपण “हो, नको” म्हणतो. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीला जातं: नको असेल तर ‘नो’, हवी असेल तर ‘येस’. चहात फार तर साखर जास्त पडेल. पण डॉक्टरांनी “नो अ‍ॅलर्जी?” असं विचारलं आणि बाळाच्या आईने ‘येस’ म्हटलं, तर डॉक्टरांनी काय समजायचं? आहे की नाही? अशा वेळी एका शब्दावर कधीच थांबू नये. “नो, ही हॅज नो अ‍ॅलर्जी,” असं सबंध वाक्य म्हणावं. नाही जमलं तर सरळ मराठीत सांगावं. “घरी वाचत नाही ना?” असं शाळेतल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं तरी हेच. तिथे आपल्या ‘येस’चा अर्थ ‘वाचतो’ असा होऊन बसतो.

असंच ‘मी टू’चं. “मला चहा आवडतो,” याला ‘मी टू’ ठीक. “मला चहा आवडत नाही,” याला मात्र ‘मी नायदर’.

आता फोनवरचं बोलणं. पलीकडचा माणूस विम्याची योजना भराभर सांगतो, मधूनमधून ‘ओके मॅडम?’ विचारतो, आणि आपण सवयीने ‘येस, येस’ म्हणत जातो. आपल्या मनात तो ‘हं’ असतो, त्याच्या लेखी तो होकार. कित्येकदा हे बोलणं रेकॉर्डही होत असतं. ‘हं’साठी इंग्रजीत ‘आय सी’ आहे: कळलं एवढंच, कबूल केलं असं नव्हे. आणि आपल्या ‘बघते’साठी ‘लेट मी थिंक’. “ह्यांना विचारून सांगते,” असं आपण म्हणतो, ते बरंच; पण स्वतःच्या विचारालाही दोन दिवस मागून घ्यायला हरकत कसली?

कागदावर ‘आय अ‍ॅग्री टू’ असे शब्द दिसले की तिथे पेन थांबवावं. ‘अ‍ॅग्री विथ’ म्हणजे एखाद्याचं म्हणणं पटणं, ‘अ‍ॅग्री टू’ म्हणजे अट मान्य करणं. त्यापुढे काय लिहिलंय ते वाचून घ्यावं, कळलं नाही तर विचारावं. बँकेत तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे ग्राहकांचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रांताच्या भाषेत असायला हवेत. तेव्हा काउंटरवर ‘मराठी फॉर्म, प्लीज’ एवढं इंग्रजी बोललात तरी काम होईल.