संगणकसमूहाचे चिटबॉय

आपल्या भागात ऊस पिकवणाऱ्या घरातील मुलाला चिटबॉय म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. कारखान्याचा शेतकी विभाग दूर कुठे तरी असतो. शिवारात कुणाचा किती ऊस उभा आहे, लागण कोणत्या महिन्यातली, टोळी मोकळी आहे की नाही, ही सारी बातमी त्या विभागाला मिळते ती गावोगावच्या चिटबॉयकडून. तोडीचा क्रम ठरतो कारखान्यात. पण चिठ्ठी बांधापर्यंत आणून टोळी कामाला लावतो तो हाच. त्याने नोंदीत दोन एकरांचे अडीच एकर लिहिले, तर ट्रॅक्टर अर्धे रिकामे परत जातात आणि शिव्या मात्र कारखान्याला बसतात.

अनेक संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचे, तर जवळजवळ अशीच व्यवस्था उभारावी लागते. अशा जोडणीला क्लस्टर म्हणतात, त्यातील प्रत्येक संगणकाला नोड, आणि कोणाचे काम कोणत्या नोडवर, केव्हा व किती वेळ चालेल हे ठरवणाऱ्या प्रणालीला शेड्यूलर. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ असो की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘परम प्रवेग’, तेथे कामांची रांग लावतो तो स्लर्म नावाचा शेड्यूलर. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. तो फुकट मिळतो आणि जुन्यापान्या यंत्रांवरही चालतो. म्हणून आमच्या विभागातील बारा जुन्या संगणकांचे क्लस्टर करण्याचे ठरले तेव्हा आम्ही तोच घेतला. बसवण्याचे काम माझ्याकडे आले. शेड्यूलरविषयी मी पुष्कळ वाचले होते, त्याच्या एजंटांविषयी फारसे नाही. त्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली, ते पुढे येईलच.

स्लर्मचे मुख्य ठाणे एका यंत्रावर असते. तेथे चालणाऱ्या प्रणालीचे नाव ‘स्लर्मसीटीएलडी’. आपण तिला नियंत्रक म्हणू. बाकीच्या प्रत्येक नोडवर ‘स्लर्मडी’ नावाचा एजंट बसवायचा. ही नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावी लागतात. येथे देवनागरीत लिहिली आहेत ती वाचण्याच्या सोयीसाठी. नियंत्रक स्वतः कोणत्याही नोडच्या आत डोकावून पाहत नाही. यंत्रात किती कोअर आहेत, स्मृती किती, ते जिवंत आहे की बंद पडले, हे त्याला एजंट कळवील तेवढेच कळते. काम सुरू करणे, त्याच्यावर नजर ठेवणे आणि ते संपल्यावर मागे काही शिल्लक राहिले असेल तर निपटून काढणे, हेही एजंटचेच काम.

या सर्वांचा कारभार ‘स्लर्म.कॉन्फ’ नावाच्या एका फाइलवर चालतो. ही फाइल नियंत्रकापाशी आणि बाराही नोडांवर अक्षरशः सारखी असावी लागते. एखाद्या नोडवरची प्रत वेगळी असेल तर नियंत्रक आपल्या रोजनिशीत तशी तक्रार नोंदवतो. (२०२० च्या आवृत्तीपासून एजंटने ही फाइल सुरू होतानाच नियंत्रकाकडून मागून घेण्याची सोय झाली आहे. बारा ठिकाणी नकला करून थकलेल्या माणसाने ती अवश्य वापरावी.) तीत प्रत्येक नोडची एक ओळ असते: नाव, कोअर किती, आणि ‘रिअलमेमरी’ म्हणजे प्रत्यक्ष स्मृती किती मेगाबाइट.

माझी पहिली चूक याच ओळीत झाली. यंत्रांच्या खोक्यावर १६ गिगाबाइट लिहिले होते. १६ गुणिले १०२४ म्हणजे १६३८४. तेवढा आकडा मी लिहून टाकला. आता, खोक्यावरचे सोळा आणि कार्यप्रणालीच्या हाती येणारे सोळा यांत फरक असतो. काही भाग यंत्राची मूळ प्रणाली राखून ठेवते, काही पडद्यावरचे चित्र काढण्यासाठी जातो. एजंटने प्रामाणिकपणे मोजले आणि पंधरा हजार आठशेच्या आसपास आकडा कळवला. नोंदीपेक्षा प्रत्यक्षात कमी भरले, म्हणून नियंत्रकाने त्या नोडला काम देणे बंद केले. बाराही यंत्रे सुरू, बाराही बेकार! दुपारभर मी जाळ्याच्या तारा तपासत बसलो. कारण ‘स्मृती कमी’ असे स्पष्ट लिहिलेले होते. ते कुठे वाचायचे हेच मला ठाऊक नव्हते.

याचा उपाय अगदी सोपा आहे. नोडवर बसून ‘स्लर्मडी’ला ‘-सी’ हा पर्याय, कॅपिटल सी, देऊन चालवावे. एजंट स्वतःच यंत्र मोजून फाइलीत घालायची ओळ लिहून देतो. त्यातला स्मृतीचा आकडा थोडा खाली आणावा. नोंदीपेक्षा प्रत्यक्षात जास्त निघाले तर नियंत्रक कुरकुर करीत नाही. कमी निघाले तरच करतो. आम्ही १५००० लिहिले.

आता दुसरी चूक, जी मला अजून बोचते. एजंटने काम सुरू केले की त्या कामाला ठरवून दिलेलीच जागा मिळते, असा माझा समज होता. तो खोटा होता. काय वाटून द्यायचे हे फाइलीत वेगळे सांगावे लागते. मी वाटपासाठी फक्त कोअर सांगितले होते, स्मृती नाही. म्हणजे प्रत्येक यंत्रातले चार कोअर शेड्यूलर हिशेबाने देत होता आणि स्मृती मात्र गावच्या गायरानासारखी मोकळी पडली होती.

रसायनशास्त्राची एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी एका रेणूचे गणित चालवत होती. दोन कोअर, नऊ गिगाबाइटच्या आसपास स्मृती, आणि चार दिवसांचे काम. चौथ्या रात्री त्याच यंत्रावर उरलेल्या दोन कोअरांत एका मुलाचे काम येऊन पडले. त्याच्या प्रोग्राममध्ये दोष होता. तो स्मृती घेत सुटला, सोडीना. सहा गिगाबाइटपर्यंत पोचला आणि यंत्र भरले. अशा वेळी लिनक्सचा गाभा यंत्र वाचवण्यासाठी एखादी प्रक्रिया ठार करतो, आणि सामान्यतः निवडतो ती सर्वांत जास्त स्मृती धरून बसलेली. चूक कोणाची हे तो पाहत नाही. गेली ती तिची, नऊ गिगाबाइटची. त्या मुलाचे काम पहाटेपर्यंत सुखाने चालले. प्रकल्प सादर करायला पाच दिवस उरले होते. तिने लहान रेणू घेऊन काम कसेबसे पुरे केले. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

नंतर मी जे केले ते आधीच करायला हवे होते. वाटपाच्या ओळीत कोअरबरोबर स्मृतीही घातली. त्या पर्यायाचे नाव ‘सीआर-कोअर-मेमरी’. पण एवढ्याने फक्त वहीतला हिशेब बरोबर होतो. दोन गिगाबाइट मागून सहा वापरणाऱ्याला अडवायचे तर एजंटच्या हाती काठी द्यावी लागते. ती काठी म्हणजे लिनक्सची सीग्रुप नावाची सोय: प्रत्येक कामाभोवती कुंपण घालायचे आणि कुंपणाबाहेर स्मृती मिळू द्यायची नाही. त्यासाठी मुख्य फाइलीत प्रक्रियांचा माग ठेवणे व कामे बांधणे या दोन्ही ओळींत सीग्रुप लिहायचे, आणि ‘सीग्रुप.कॉन्फ’ या दुसऱ्या फाइलीत ‘कन्स्ट्रेनरॅमस्पेस’ व ‘कन्स्ट्रेनकोअर्स’ यांच्यापुढे होय असे लिहायचे. आता मर्यादा ओलांडली की मरते ते ओलांडणाऱ्याचेच काम. शेजाऱ्याला कळतही नाही. काम संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या प्रक्रियाही याच कुंपणामुळे एजंटला सापडतात.

येथे एक खाच आहे. स्मृती वाटपात धरली आणि विद्यार्थ्याने किती हवी हे सांगितलेच नाही, तर स्लर्म मूळ स्वभावाने त्याला त्या नोडची सगळी स्मृती देऊन टाकतो. मग एका कोअरचे किरकोळ काम अख्खे यंत्र अडवून बसते. म्हणून ‘डेफमेमपरसीपीयू’ या नावाने दर कोअरमागे एक ठरावीक वाटा लिहून ठेवावा. आमचा हिशेब असा: नोंद १५०००, त्यातले १००० ‘मेमस्पेकलिमिट’ म्हणून यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखले, उरले १४०००, चार कोअरांना प्रत्येकी ३५००. ज्याला जास्त हवे त्याने मागावे. फळ्यावर तशी सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये लावली आहे. कन्नड मजकूर वर्गमित्राने लिहिला आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा सुटसुटीत उतरला.

एजंट आणि नियंत्रक यांनी एकमेकांना ओळखायचे कसे? त्यासाठी मुंगे नावाची प्रणाली वापरतात. एक गुप्त किल्ली तयार करून तिची तीच प्रत सर्व यंत्रांवर ठेवायची, आणि ती इतर कोणाला वाचता येऊ द्यायची नाही. प्रत्येक निरोपावर या किल्लीचा शिक्का आणि वेळ पडते. शिक्क्याची मुदत सर्वसाधारणपणे ३०० सेकंद. म्हणजे दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की किल्ली बरोबर असूनही निरोप नाकारला जातो. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद होता. सात नंबरच्या यंत्रातली बटणाएवढी बॅटरी संपली होती. ते उघडले ते कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेला. नियंत्रकाने त्याला ओळख दिली नाही यात नवल नाही. जाळ्यावरून वेळ जुळवणारी प्रणाली आधी, मग मुंगे, मग एजंट, हा क्रम यंत्र सुरू होताना पाळला तर ही भानगड टळते. तसेच प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्याचा क्रमांकही सर्व नोडांवर एकच असावा. नाव सारखे असून भागत नाही.

राहिली वीज. एजंटकडून ३०० सेकंद उत्तर आले नाही तर नियंत्रक नोड पडला असे धरतो. त्यावरचे काम, विशेष सांगितले नसेल तर, पुन्हा रांगेत लागते आणि पहिल्यापासून सुरू होते. म्हणून लांबलेल्या गणिताने अधूनमधून आपली स्थिती साठवावी. वीज आल्यावर नोडला आपोआप कामावर घ्यायचे की नाही हे ‘रिटर्नटूसर्व्हिस’ ठरवते. शून्य लिहिले तर माणसाने येऊन सांगेपर्यंत नाही. एक लिहिले तर, केवळ उत्तर न दिल्यामुळे पडलेला नोड नोंद बरोबर भरताच परत घेतला जातो; मध्येच अचानक बंद होऊन सुरू झालेला मात्र नाही. दोन लिहिले तर कोणत्याही कारणाने पडलेला घेतला जातो. वीज वारंवार जाते म्हणून दोन लिहा, असे मला पुष्कळांनी सांगितले. मी एकच ठेवले. क्षणभर झटका खाऊन उठलेल्या यंत्राकडे माणसाने एकदा पाहावे असे मला वाटते, आणि आमची बारा यंत्रे एका खोलीत आहेत, चालत जायला अर्धे मिनिट लागते.

यंत्र दुरुस्तीला काढायचे तर एजंट एकदम बंद करू नये. ‘एसकंट्रोल’ आज्ञेने त्या नोडची स्थिती ‘ड्रेन’ करावी आणि कारण लिहावे. चालू कामे संपतात, नवे येत नाही. कारणाशिवाय स्लर्म ही आज्ञा घेतच नाही, हे मला फार आवडते. ‘एसइन्फो’ला कॅपिटल आर हा पर्याय दिला की कोणता नोड कशासाठी बसून आहे याची यादी मिळते. त्या पहिल्या दुपारी एवढे ठाऊक असते तर तारा तपासाव्या लागल्या नसत्या. आज त्या यादीत एकच ओळ आहे: नोड सात, बॅटरी आणायची आहे.