परतीची गाडी ठरली का?

सकाळी ८.०० : एडिसन, न्यू जर्सी. क्लिनिकमध्ये आल्या आल्या आधी औषधाचं कुलूपबंद कपाट. एस्केटामाइनचा नाकातला फवारा, म्हणजे ‘स्प्रावाटो’, नियंत्रित औषधांत मोडतो. त्यामुळे आलेला, वापरलेला, शिल्लक असा प्रत्येक नग लिहून ठेवायचा. नैराश्य गोळ्यांना दाद देत नसेल तर वापरायला त्याला अमेरिकेत मार्च २०१९मध्ये मान्यता मिळाली. पण औषध घरी न्यायचं नाही. नोंदणी झालेल्या केंद्रातच, आमच्यासमोर घ्यायचं.

८.३० : इन्शुरन्सचे कागद. ‘बऱ्याच गोळ्या घेऊन झाल्या’ म्हणून भागत नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, का बंद केली. निदान दोन औषधांचा असा हिशेब लागतो. जुन्या डॉक्टरांकडे फोन आणि फॅक्स सुरू.

९.३० : पहिली पेशंट. दोन तासांत काही खाल्लं नाही ना? अर्ध्या तासात पाणी? रक्तदाब १४०/९०च्या वर असला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. आणि घरी कोण नेणार?

९.४५ : एका स्प्रेत २८ मिलिग्रॅम, फवारे दोनच, प्रत्येक नाकपुडीत एक. आज पहिलाच दिवस, म्हणून ५६ मिलिग्रॅम : दोन स्प्रे, मध्ये पाच मिनिटं थांबून. स्प्रे चालतोय का म्हणून हवेत मारून बघायचा नाही, औषध वाया जातं. मान मागे कलती ठेवून पेशंट स्वतःच घेते.

१०.३० : साधारण चाळीस मिनिटांनी रक्तदाब सर्वांत चढलेला असतो, तेव्हा पुन्हा मोजते. ‘हात माझे नाहीत असं वाटतंय,’ ती म्हणते. असं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असतं. कुणाला मळमळतं, कुणाला गरगरतं. मी दिवा मंद करते, जवळ बसते, उगाच बोलत नाही.

११.४५ : दोन तास झाले, रक्तदाब उतरला. नवरा न्यायला आलाय. रात्रीची नीट झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत तिने गाडीला हात लावायचा नाही.

दुपारी १.०० : मराठी फोन. ‘ताई, बायकोसाठी विचारतोय. लांबचं क्लिनिक मिळेल का? इथे ओळखीचं कुणी दिसायला नको.’

‘काका, पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा. दोन महिन्यांत बारा खेपा. प्रत्येक वेळी कोण नेणार?’

काका गप्प. मुलगा नोकरीवर, आणि त्यांना स्वतःला हायवेवर गाडी नको वाटते. मी सांगते : झिप कोड टाकला की जवळच्या केंद्रांची यादी निघते, पण यादीत नाव असलं म्हणजे जागा असतेच असं नाही. नवे पेशंट घेता का, आमचा इन्शुरन्स चालतो का, दुपारची वेळ मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्या. आणि वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही त्याच कामासाठी आलेलं असतं.

३.०० : एका पेशंटचे चार आठवडे आज पूर्ण. प्रश्नावलीतले गुण जवळपास होते तिथेच. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पुढे चालू ठेवायचं का, हे डॉक्टर त्यांच्याशी बोलून ठरवतील.

४.३० : दोन तास होऊन गेलेत, पण एका गृहस्थांना न्यायला येणारी बहीण ट्रॅफिकमध्ये अडकली आहे. ‘चालत जातो,’ म्हणतात. मी त्यांना बसवून ठेवते.

५.३० : रिकाम्या स्प्रेंची विल्हेवाट, दिवसाचे फॉर्म. तेवढ्यात काकांचा पुन्हा फोन. ‘एका दिवशी मुलगा सुट्टी काढेल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आणतील. त्यांना सांगावं लागलं.’ मी म्हणते, आधी डॉक्टर तपासतील, मग इन्शुरन्सची मंजुरी, वेळ लागेल. ‘लागू दे,’ काका म्हणतात, ‘गाडीची सोय तर झाली.’ तपासणीची तारीख लिहून मी कॉम्प्युटर बंद करते.