कमरेपर्यंतच्या केसाचं वय

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत, ऐंशी सेंटिमीटर लांब वाढलेल्या केसाचं टोक साडेसहा वर्षांहून थोडं जुनं असतं. जळगाव-धुळ्याचे तितके कडक उन्हाळे, बोअरच्या जड पाण्याची अंघोळ आणि रोजची फणी त्या टोकानं सोसलेली असते. मुळाशी केस काही वर्षंच वाढतो, मग गळतो. पण अनेकींची वेणी त्याआधीच खुंटते, ती टोकं तुटतात म्हणून.

केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. पाणी शिरलं की केस फुगतो, खवले उचलले जातात आणि तो ताणाला कमी टिकतो. म्हणून ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालू नये. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच सकाळच्या घाईत पाळलं जात नाही.

आता तेल. जळगावच्या एमआयडीसीत मॅरिको या तेल कंपनीचा कारखाना आहे. याच कंपनीच्या संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरतो आणि फुगणं आवरतो. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीचं, हे ध्यानात ठेवावं. पण कारण पटण्याजोगं आहे.

तेल न्हाण्याआधी, शक्यतो आदल्या रात्री लावावं. जोर टाळूपेक्षा टोकांवर द्यावा. गुंता सोडवायचा तो खालून वर, मोठ्या दातांच्या कंगव्यानं. फाटा फुटलेलं टोक कुठल्याही तेलानं सांधत नाही. ते कापावंच लागतं.