पाव मोठा की तिसरा हिस्सा?

‘अम्मी, चार तीनपेक्षा मोठे ना? मग १/४ हा १/३ पेक्षा मोठाच!’ पुष्कळ मुले इथेच अडतात. काही तर १/२ + १/३ = २/५ असे लिहून मोकळी होतात. ही चूक आळसाची नसते. पूर्ण संख्यांचा नियम ती अपूर्णांकांना लावत असतात. अशा वेळी आपण ओरडलो, तर गणिताची भीती मनात कायमची घर करते.

घरातला मोबाईल इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात अपूर्णांकांची साधने मोफत मिळतात. छेद वाढवला की वर्तुळाचे भाग बारीक होताना दिसतात. तुकडे उचलून ठेवले की अंश वाढतो. वर्तुळाऐवजी संख्यारेषा निवडली, तर तोच अपूर्णांक रेषेवर सापडतो.

मात्र मूल नुसतेच बोट फिरवत राहिले, तर हाती काही लागत नाही. आधी खरी भाकरी मोडा: एकीचे तीन वाटे, तेवढ्याच दुसरीचे चार. ‘कोणता तुकडा घेशील?’ असे विचारा. मग मोबाईल द्या आणि बटण दाबण्याआधी ‘आता काय होईल?’ हे त्याच्याकडून वदवून घ्या.

यासाठी आईबाप फार शिकलेले असायला हवेत असे नाही. पाव, अर्धा, पाऊण ही मापे आपल्या स्वयंपाकघरात रोजचीच आहेत. हवी आहेत ती फक्त मुलाशेजारी बसण्याची पंधरा मिनिटे.