पहिली प्रतिकृती गोपुरी संडासाची
गरजूंसाठी घडवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या कूपर-हेविट संग्रहालयाने २००७ मध्ये भरवलं. त्यात दोरीने ओढत न्यायचा पाण्याचा पिंप होता, पायाने चालवायचा बांबूचा पंप होता. मालवण-देवगडच्या शाळांत असं प्रदर्शन न्यायचं, तर पहिला मान कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या गोपुरी संडासाला द्यायला हवा. दोन खड्डे; एक भरला की दुसरा वापरायचा. मैल्यावर माती, पालापाचोळा टाकत राहायचं, कालांतराने त्याचं सोनखत होतं. मैला डोक्यावरून वाहण्याची पाळी कुणावरच येत नाही, हे या रचनेचं सर्वांत मोठं यश. प्रदर्शन शाळांपर्यंत नेण्याची कल्पना नवी नाही: कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ मध्येच फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसही शाळाशाळांत जातात. आपल्या प्रदर्शनात संडासाच्या प्रतिकृतीशेजारी मुरलेल्या खताची पाटी जरूर ठेवावी. त्याला घाण येत नाही, हे मुलांना स्वतः हुंगून कळू दे.