हाडांना विचारलेले प्रश्न

राणीचे बाळंतपण सुखरूप पार पडेल का, असा प्रश्न चीनच्या एका राजाने सुमारे ३२०० वर्षांपूर्वी कासवाच्या कवचाला विचारला होता. राजाचे नाव वू दिंग, घराणे शांग, राणी फू हाव. राजधानी होती आजच्या हनान प्रांतातल्या आनयांग शहराजवळ. हा प्रश्न आज आपल्याला वाचता येतो, कारण तो त्या कवचावरच कोरून ठेवला आहे.

कौल मागण्याची रीत अशी. कासवाचे पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे पसरट हाड घ्यायचे, घासून साफ करायचे आणि मागच्या बाजूला ओळीने छोटे खळगे कोरायचे. आरपार भोक मात्र पडू द्यायचे नाही. मग प्रश्न उच्चारून खळग्याला विस्तवाचा चटका द्यायचा. हाड तडके. पुढच्या बाजूला एक उभी भेग आणि तिला फुटलेली आडवी फांदी उमटे. तिच्यावरून शुभाशुभ सांगायचे. ‘कौल घेणे’ या अर्थाचे चिनी अक्षर आजही तसेच आहे, एक उभी रेघ आणि तिला छोटी फांदी. उच्चार ‘पू’. हाड तडकतानाचा आवाजच त्यात उतरला, असे काही अभ्यासक मानतात. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला ते मानायला आवडते.

विचारायचे मुख्यतः पूर्वजांना. पाऊस पडेल का, पीक येईल का, स्वारीवर जावे का, येत्या आठवड्यात काही अरिष्ट तर नाही ना. (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा.) राजाचा दात दुखला तरी कोणता पूर्वज रुसला, हे हाडाला विचारत. एकच गोष्ट पुष्कळदा दोन्ही अंगांनी मांडत. कवचाच्या एका बाजूला ‘होईल’, दुसऱ्या बाजूला ‘होणार नाही’. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावणाऱ्यांना, संबंध काही नसला तरी, ही तऱ्हा ओळखीची वाटेल.

भेगेचा अर्थ लावण्याचा मान बहुधा राजाकडे असे. पूर्वज काय म्हणतात हे राजानेच सांगायचे, म्हणजे सत्ता कोणाच्या हाती राहणार हे उघड आहे. तरी हे लोक निकालही कधीकधी नोंदवून ठेवत. फू हावच्या बाबतीत वू दिंगने सांगितले की, दोन विशिष्ट वारी बाळंत झाली तर शुभ. ३१ दिवसांनी ती बाळंत झाली, पण वार तिसराच निघाला. त्याच कवचावर पुढे कोरले आहे की शुभ झाले नाही, मुलगी झाली.

ती मुलगी पुढे जगली की नाही, हे ते कवच सांगत नाही. तिची आई मात्र साधी नव्हती. तेरा हजारांची फौज घेऊन ती मोहिमेवर निघाल्याची नोंद याच हाडांवर आहे. १९७६ मध्ये तिची कबर न लुटलेल्या अवस्थेत सापडली. आत ब्राँझची शेकडो भांडी होती, आणि युद्धात वापरायच्या कुऱ्हाडीही. जिने सैन्य चालवले तिच्या पोटी मुलगी येणे अशुभ ठरावे, याचे आश्चर्य वाटते. आणि आपल्याकडच्या बातम्या वाचल्या की फारसे वाटतही नाही.

शांगांना हरवून आलेल्या चौ घराण्याच्या काळात हाडांच्या जोडीला काड्यांचा कौल पुढे आला. यारो नावाच्या रोपाच्या ५० काड्यांतली एक बाजूला ठेवून उरलेल्या ४९ पुनःपुन्हा विभागायच्या आणि सहा रेघांची आकृती काढायची. अशा ६४ आकृत्यांचा ग्रंथ म्हणजे ‘यी चिंग’. तो जगभर गेला. हाडे मात्र मातीत विसरली गेली.

शेतकऱ्यांच्या नांगराला ती लागत आणि औषधवाले ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून कुटून विकत. १८९९ मध्ये बीजिंगच्या वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याला त्यांवर जुनी लिपी दिसली. १९२८ पासून आनयांगला शास्त्रीय उत्खनन सुरू झाले आणि १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात सतरा हजारांवर तुकडे मिळाले. चिनी लिपीचा हाती आलेला सर्वांत जुना मोठा साठा तो हाच. त्यात सुमारे साडेचार हजार वेगवेगळी अक्षरे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक अजून कोणाला खात्रीने वाचता आलेली नाहीत.